चंद्रपूरला राहणं स्वस्त आहे का? तुकूमच्या सनदेपासून माझ्या एक्सेल शीटपर्यंत

आजच्या भागात मागे सतत एक घरघर ऐकू येईल. तो कूलर आहे. आवाज एडिट करून काढायचा प्रयत्न केला, पण त्याच्यासोबत माझाही आवाज जायला लागला, म्हणून राहू दिलाय. चंद्रपूर, तुकूम, एप्रिलचा तिसरा आठवडा, दुपारचे चार. बाहेर ४४ अंश. समजून घ्या. आणि ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहिलेला भाग.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, "पुणं सोडून तिकडे गेलीस, परवडतं का?" तीन वर्षं मी त्याला एकच उत्तर देत होते. हो, मस्त परवडतं. आता तेच उत्तर स्वतःला द्यायची वेळ आलीये.

थोडक्यात सांगते. मी मूळची साताऱ्याची. पुण्यात बीटेक केलं, तिथेच नोकरी लागली. नवरा राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. तीन वर्षांपूर्वी त्याची बदली चंद्रपूरला झाली, माझं काम घरून चालू होतं, सामान टेम्पोत भरलं आणि आलो. मुलगी इथेच झाली, आता दीड वर्षाची आहे. गेल्या महिन्यात ऑफिसचा मेल आला की जुलैपासून आठवड्यातले तीन दिवस पुण्यात हजर राहायचं. नवऱ्याला बदली मागता येते, किंवा इथेच अजून मुदत मागता येते. जूनच्या आत ठरवायचंय.

मग मी इंजिनियर लोक जे करतात ते केलं. एक्सेल शीट उघडली. डावीकडे पुणे, उजवीकडे चंद्रपूर. दोन बेडरूमचा फ्लॅट, तिकडे २७ हजार, इकडे साडेनऊ. दूध, भाजी, कामाच्या मावशी, पाळणाघर, पेट्रोल. बेरीज केली तर चंद्रपूर महिन्याला जवळपास ३० हजारांनी जिंकत होतं. स्क्रीनशॉट काढला, नवऱ्याला पाठवला, वर लिहिलं, "विषय संपला." त्याचं उत्तर आलं, "एप्रिल ते जूनचं लाइटबिल टाकलंस का?"

नव्हतं टाकलं. आणि आणखी काय काय टाकायचं राहिलंय ते शोधता शोधता मी पाचशे वर्षं मागे गेले. आजचा भाग त्याबद्दल आहे. या जिल्ह्यात बाहेरून राहायला आलेले आम्ही काही पहिले नाही. इथे येणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी काहीतरी ऑफर दिलेली आहे. त्या ऑफरमध्ये काय लिहिलेलं होतं आणि काय लिहिलेलं नव्हतं, ते बघू.

आधी आजची सरकारी मोजपट्टी. केंद्र सरकार घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग करतं, एक्स, वाय आणि झेड. पुणे एक्समध्ये, नागपूर वायमध्ये, चंद्रपूर झेडमध्ये. मला वाटलं होतं की यामागे भाड्यांचा, महागाईचा काही हिशोब असेल. तसं नाही. निकष आहे लोकसंख्या. ५० लाखांच्या वर एक्स, ५ लाखांच्या वर वाय, बाकी सगळे झेड. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर शहराची लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आत होती, म्हणून झेड. म्हणजे ही मोजपट्टी डोकी मोजते, त्या डोक्यांवर ऊन किती पडतं ते मोजत नाही. २००७ च्या जूनमध्ये इथे ४९ अंश तापमान नोंदवलं गेलं होतं. लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता गोष्ट. चंद्रपूरकरांना ती पाठ आहे, बाकीच्यांसाठी सांगते.

गोंड राजांची राजधानी आधी सिरपूरला होती, आजच्या तेलंगणाच्या बाजूला. तिथे खांडक्या बल्लाळशाह नावाचा राजा होता. त्याच्या अंगावर गाठी आणि फोड होते, काही केल्या जात नव्हते. राणी हुशार होती. तिने सांगितलं, जागा बदला. मग वर्धा नदीच्या उत्तर काठावर किल्ला बांधला आणि राजा तिकडे राहायला गेला. तेच आजचं बल्लारपूर. तरी आराम पडेना. एकदा शिकारीला निघालेला राजा तहानेने व्याकूळ होऊन झरपट नदीच्या कोरड्या पात्रात पाणी शोधत होता. एका खळग्यात थोडं पाणी दिसलं. प्यायला, हातपाय-तोंड धुतलं, परत आला आणि त्या रात्री कित्येक वर्षांनी शांत झोपला. सकाळी बघतात तर फोड गेलेले. राणीने ती जागा शोधून काढायला लावली. वाळू-गवत बाजूला केलं तर खडकात गाईच्या खुरांसारखे पाच ठसे आणि त्यांत पाणी. तिथे अंचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं. पुढे सशाने राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केल्याची गोष्ट आहे. कुत्र्यामागे ससा जिथे जिथे धावला त्या रेषेवर तटबंदी बांधायची, असं राणीने सुचवलं. त्यातून चांदा शहर झालं, म्हणजे आजचं चंद्रपूर.

मेजर लूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८६९ च्या जमाबंदी अहवालात ही कथा नोंदवली. १९०९ च्या चांदा गॅझेटियरमध्येही ती आहे. काळ साधारण पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध धरतात. गोंड राजांच्या तारखांवर अभ्यासकांचे वाद आहेत, आणि सशाने कुत्र्याचा पाठलाग केला यावर माझाही थोडा वाद आहे. पण गोष्टीचा गाभा बघा. एका आजारी माणसाने तब्येतीसाठी जागा बदलली, पाणी चांगलं लागलं तिथे थांबला, आणि तिथे शहर झालं. भाडं किती, बाजार किती लांब, हे नंतर. आधी पाणी.

तट अजून आहे, सुमारे ११ किलोमीटरचा. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर असे चार दरवाजे आणि मधेमधे लहान खिडक्या. त्यातल्या एका खिडकीचं नाव चोर खिडकी आहे. मला ते नाव फार आवडतं. इको-प्रो संस्थेच्या पोरांनी २०१७ पासून शेकडो दिवस राबून या तटावरची झाडंझुडपं आणि कचरा काढला, म्हणून आज त्यावरून फिरता येतं. मी पहिल्यांदा गेले ते अंचलेश्वर दरवाजाच्या बाजूला, झरपट बघायला. राजाला बरं करणारं पाणी बघायचं होतं. तिथे हिरवागार गालिचा होता. जलपर्णी. इथे तिला इकॉर्निया म्हणतात. खाली पाणी होतं ते वासावरून कळलं. गोंड काळातल्या रामाळा तलावाचीही तीच गत. २०२१ मध्ये त्या तलावासाठी इको-प्रोचे बंडू धोतरे उपोषणाला बसले होते. पाण्यासाठी वसलेल्या शहरात पाण्यासाठी उपोषण.

पण मला थांबवलं ते पुढच्या राजाने. खांडक्यानंतर हीर शाह गादीवर आला. शहर तर वसलं, पण भोवताली नुसतं जंगल. महसूल कुठून येणार? लोक आणायला हवे होते. मग त्याने जी ऑफर काढली ती गॅझेटियरमध्ये वाचताना मी सरळ बसले. जो जंगल साफ करून जमीन लागवडीखाली आणेल त्याला त्या जमिनीची सनद. आणि जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली जेवढी जमीन भिजेल तेवढी जमीन. या दुसऱ्या पद्धतीला नाव होतं, तुकूम.

मी उठून खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या मेडिकलच्या पाटीवर लिहिलंय, तुकूम, चंद्रपूर. तीन वर्षं मी हा शब्द प्रत्येक पार्सलवर लिहितेय. कुरिअरवाल्याला फोनवर ओरडून सांगतेय, "तुकूम, तुकूम, ताडोबा रोड!" मला वाटायचं कुणाचं तरी आडनाव असेल.

जरा विचार करा, ही ऑफर किती वेगळी आहे. आपल्याला कंपनी रिलोकेशन पॅकेज देते. टेम्पोचं भाडं, पंधरा दिवस हॉटेल, झालं. हीर शाहचं पॅकेज म्हणतं, ये, पण येताना या जागेला पाणी दे. जेवढं पाणी करशील तेवढी जमीन तुझी. मोठा तलाव, मोठी जमीन. फुटका तलाव, तर हातात काही नाही. आणि तलाव काही एकट्या माणसाची बादली नाही. त्यात गुरं पाणी पितात, खालच्या विहिरी भरतात, मासे होतात, बायका कपडे धुतात. नव्याने आलेल्या माणसाचा स्वार्थ आणि आधीपासून असलेल्यांची सोय एकाच पाळीने बांधलेली. पाळ म्हणजे तलावाचा बांध, इकडचा शब्द.

हे काम ज्यांनी सगळ्यात चांगलं केलं ते कोहळी. परंपरा सांगते की चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना या लोकांना सोबत आणलं, तलाव बांधण्यासाठी. म्हणजे स्किल्ड मायग्रेशन, तेही शेकडो वर्षांपूर्वी. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीपासून वर भंडारा-गोंदियापर्यंत तुम्ही गाडीने गेलात तर दर थोड्या वेळाने एक तलाव दिसतो. आजच्या गोंदिया जिल्ह्यातला नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. धानाची शेती या तलावांवर उभी राहिली. शेतातल्या छोट्या तळ्याला इकडे बोडी म्हणतात. मोठे तलाव पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव. लोक म्हणतात मामा तलाव. त्यातले बरेच गाळाने भरलेत. मालगुजार काही संत नव्हते, कुळांना पिळणारे होते, ती पद्धत गेली ते बरंच झालं. पण तलाव राखण्यात ज्याचा थेट फायदा होता तो माणूस मधून गेला आणि त्याच्या जागी फाइल आली. आमच्या भाषेत सांगायचं तर रिपॉझिटरी राहिली, मेंटेनर गेला.

मधली शंभर वर्षं मी पटकन उरकते. १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, शतकभराने इंग्रजांकडे. १८७१ मध्ये वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण सुरू झाली, १९०६ मध्ये बंद पडली, तोवर बल्लारपूरच्या खाणी आल्या. कोळशाने आपली वेगळी ऑफर आणली. जमीन नाही, सनद नाही, रोजचा पैसा. खाणीत उतरायला तेलुगू मुलखातून, छत्तीसगडातून माणसं आली. आजही बल्लारपूरच्या बाजारात उभं राहिलं की एका मिनिटात चार भाषा कानावर पडतात.

ऊन आणि धूळ सोसूनही पाण्यापासून सुरुवात करणारी माणसं याही काळात होती. बाबा आमटे १९५० च्या सुमाराला वरोऱ्याजवळच्या दगडाळ जमिनीवर कुष्ठरुग्णांना घेऊन राहायला गेले, आणि आधी विहीर खणली. आनंदवनावर वेगळा भाग करायचाय, म्हणून इथे थांबते.

आता माझे घरमालक. नाव घेत नाही, कारण काकांनी सांगितलंय, "बेटा, माझं नाव त्या मोबाइलमध्ये नको टाकू." काका बुलढाणा जिल्ह्यातले. १९८४ मध्ये इथल्या औष्णिक वीज केंद्रात टेक्निशियन म्हणून लागले. केंद्राचा पहिला संच त्याच्या आदल्याच वर्षी सुरू झाला होता. नव्या वसाहतीत क्वार्टर, पाणी फुकट, वीज जवळपास फुकट, शाळा कॉलनीत, दवाखाना कॉलनीत. काका म्हणतात, "पगार मुंबईचा, खर्च खेड्याचा. अजून काय पाहिजे होतं?" त्या पैशातून त्यांनी तुकूममध्ये प्लॉट घेतला आणि हे घर बांधलं. ज्या साडेनऊ हजारांवर मी खूश आहे ते या घराचं भाडं.

त्यांच्या गच्चीवरून चिमण्या दिसतात. रात्री लाल दिवे लुकलुकतात, माझी मुलगी त्यांना "तारा" म्हणते. या केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॉट आहे. एवढी वीज जाते कुठे? पाहिलं तर १९९९ पासून चंद्रपूरहून थेट भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एक खास लाइन आहे. मधे कुठेही न थांबता १५०० मेगावॉट नेण्याची तिची ताकद. आपल्या सगळ्या एसटी गाड्यांपेक्षा ती बरी, मधे चहाला थांबत नाही. वीज पश्चिमेला जाते, राख इथे राहते. पाणीही इथलंच लागतं. इरई धरणातून केंद्रालाही पाणी जातं आणि शहरालाही. २०१० च्या मे महिन्यात धरणातलं पाणी इतकं खाली गेलं की केंद्रातली वीजनिर्मिती थांबवायची वेळ आली होती. काकांना तो महिना नीट आठवतो. "चिमणीतून धूर नाही, असं मी तेव्हाच पाहिलं," म्हणाले.

त्याच सुमाराला आणखी एक यादी आली होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. अंकलेश्वर, वापी, गाझियाबाद आणि चौथं चंद्रपूर, १०० पैकी ८३.८८. मग काही काळ इथे नव्या प्रकल्पांना बंदी होती. भाड्याच्या यादीत आपण झेड, या यादीत टॉपर.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. काकांच्या पिढीसाठी हा सौदा खोटा नव्हता. दुष्काळी खेड्यातल्या पोराला पक्की नोकरी मिळाली, दोन्ही मुलं शिकली, एक हैदराबादला आहे, एक पुण्यात. मुलं परत येणार नाहीत हेही त्या सौद्यातच आलं. म्हणून तर वरचा मजला रिकामा होता.

आता सगळ्यात अवघड ऑफरकडे येऊ. ती मी पुस्तकात नाही, एका जेवणात ऐकली.

नवऱ्याच्या शाखेतला एक सहकारी मुलचेरा तालुक्यातला आहे. मुलचेरा आज गडचिरोली जिल्ह्यात येतं. १९८२ च्या ऑगस्टपर्यंत हा सगळा एकच चांदा जिल्हा होता. त्याने आम्हाला दुर्गापूजेला गावी बोलावलं. आष्टीच्या पुढे जंगल लागलं, सागाची झाडं, मधे मधे धान, आणि मग अचानक बांगला अक्षरांतल्या पाट्या. मंडप, ढाक, लाल काठाच्या पांढऱ्या साड्या. मी नवऱ्याला म्हटलं, मॅप चुकला वाटतं.

चुकला नव्हता. १९६४ च्या जानेवारीत पूर्व पाकिस्तानात दंगली उसळल्या आणि हिंदू कुटुंबांचा मोठा लोंढा भारतात आला. त्यांत बहुसंख्य शेतकरी, मासेमार, नमशूद्र समाजाचे. पश्चिम बंगाल आधीच भरला होता. सरकारने धोरण ठरवलं की १ जानेवारी १९६४ नंतर आलेल्यांना पुनर्वसनाची मदत हवी असेल तर बंगालबाहेर जावं लागेल. रायपूरजवळच्या माना छावणीत त्यांना ठेवलं आणि तिथून वेगवेगळ्या राज्यांत पाठवलं. ओडिशातलं कोरापूट आणि बस्तर इथे दंडकारण्य प्रकल्प १९५८ पासून चालूच होता. महाराष्ट्राच्या वाट्याला जे आले त्यांतले बरेच चांदा जिल्ह्याच्या जंगलात वसवले. आजच्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत त्यांची गावं आहेत.

त्या सहकाऱ्याची आजी मानाहून आली तेव्हा नवी नवरी होती. तिची मराठी अशी की अर्धी बंगाली, अर्धी वैदर्भी. मी विचारलं, "आजी, इथं आल्यावर सगळ्यात कठीण काय गेलं?" मला वाटलं वाघ म्हणेल, मलेरिया म्हणेल. ती म्हणाली, "पानी दिसत नव्हतं ना. आमच्या घरामागं नदी. इथं रात्री पान्याचा आवाज नाही, झोप कशी येनार?" मग घरामागे सगळ्यात आधी काय केलं असेल? तळं खणलं. घर अजून कुडाचं होतं, पण तळं झालं. त्यात मासे सोडले. ते तळं मी पाहिलं, त्याच तळ्यातला मासा जेवले.

ती तळं सांगत होती आणि माझ्या डोक्यात हीर शाह.

पण ती जमीन मोकळी नव्हती. सरकारी कागदावर वनजमीन असेल, तरी ते माडिया-गोंडांचं रान होतं. मोह, तेंदू, शिकार, देवांच्या जागा. त्यांना कुणी विचारलं नाही. आजीच म्हणाली की पहिल्या पावसाळ्यात कोणती रानभाजी खायची आणि कोणती नाही हे एका माडिया बाईने दाखवलं. तिच्या भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं, नुसतं हाताने. ज्यांच्या वाट्याचं रान गेलं त्यांनीच आधी वाट दाखवली, आणि या कामाचा मोबदला कुठल्याही पॅकेजमध्ये धरलेला नव्हता.

आणि दुसरी गोष्ट, जी कुठल्याच एक्सेलमध्ये बसत नाही. नमशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींच्या यादीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. यादी राज्यागणिक वेगळी असते. म्हणजे सरकारनेच यांना एका राज्यातून घेऊन दुसऱ्या राज्यात वसवलं, पण जातीचा दाखला सीमेवरच राहिला. जात काही राहिली नाही, ती सोबत आलीच. राहिल्या त्या फक्त सवलती. सहकाऱ्याने ओपन कॅटेगरीतून बँकेची परीक्षा दिली, तिसऱ्या प्रयत्नात निघाली. सांगताना तो हसत होता. आजी हसत नव्हती.

परत येताना गाडीत मी बराच वेळ गप्प होते. "काय झालं?" नवऱ्याने विचारलं. म्हटलं, शीटमध्ये ओळी कमी पडतायत.

उलट्या दिशेची ऑफरही इथे आहे, घाईत सांगते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातल्या गावांना बाहेर काढायचं पॅकेज. व्याघ्र प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला २००८ पासून १० लाख रुपये मिळत, २०२१ मध्ये ते १५ लाख झाले. बोटेझरीचे लोक असेच बाहेर आले आणि मूल तालुक्यात भगवानपूर वसलं. वाघासाठी माणूस हलवला. आणि वाघ मात्र शहराकडे यायला लागलाय. २०२२ मध्ये दुर्गापूर-ऊर्जानगर भागात, म्हणजे माझ्या घरापासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर, वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यात माणसं गेली. तेव्हा आम्ही पुण्यात होतो, ती बातमी मी फॉरवर्ड केली होती, "बापरे" लिहून.

तर आता शीट. गेल्या पंधरा दिवसांत मी तिच्यात नव्या ओळी घातल्या. लाइटबिल, एप्रिल ते जून, दोन कूलर आणि मुलीच्या खोलीत एसी. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या, दर वर्षी नव्या. पाण्याचे कॅन. नागपूरला जाणं-येणं, दीडशे किलोमीटर. २०१५ पासून इथे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, गावातले डॉक्टरही चांगले आहेत, पण लहान मुलांच्या छातीचा खास डॉक्टर म्हटलं की सगळे नागपूरकडे बोट दाखवतात.

हो, छाती. हे मी भागात सांगावं की नाही, ठरत नव्हतं. थंडीत मुलीचा खोकला सहा आठवडे गेला नाही. डॉक्टर म्हणाले, "बाळदमा असेलच असं नाही, वय लहान आहे, बघत राहू. धूळ-धूर टाळा." मी विचारलं, "टाळायचं म्हणजे कसं?" ते खिडकीबाहेर बघून हसले. वाईट हेतूने नाही. ते स्वतः इथेच वाढलेत.

पुण्याची हवा काही महाबळेश्वरची नाही, तेही शीटमध्ये लिहिलंय. तिथे तीन दिवस ऑफिस म्हणजे दीड-दीड तास ट्रॅफिक, तेव्हा ती पाळणाघरात नऊ तास. इथे ती गच्चीवर काकांच्या मांडीवर बसून चिमण्यांचे तारे मोजते, काकू तिला दुपारी आंबील पाजतात, मावशी तिच्याशी झाडीबोलीत बोलतात. तिचा पहिला शब्द "पानी" होता. पाणी नाही, पानी. या ओळींपुढे मी रक्कम लिहू शकले नाही, पण ओळ काढलीही नाही.

सगळं धरून आजचा फरक महिन्याला ३० हजार नाही, सात-साडेसात हजार आहे. चंद्रपूर अजूनही स्वस्त आहे, पण "विषय संपला" लिहिण्याइतकं नाही.

काल संध्याकाळी काका वर आले. करार जूनमध्ये संपतो, त्याबद्दल बोलायला. म्हणाले, "भाडं वाढवत नाही बेटा, राहा." मी सगळं सांगितलं, मेलपासून खोकल्यापर्यंत. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी चाळीस वर्षं राहिलो. माझ्या पोरांना मात्र सांगितलं, जा." पुढे काही बोलले नाहीत. जाता जाता कूलरची मागची बाजू उघडून बघितली, म्हणाले ताटी वाळलीये, पाण्याची नळी तिरकी बसलीये, आणि खाली जाऊन पाना घेऊन आले.

मी मॅनेजरला लिहिलंय. जुलैऐवजी डिसेंबरपर्यंत मुदत द्या म्हणून. नवऱ्याने बदलीचा अर्ज तयार ठेवलाय, भरलेला नाही. मे महिना मी आणि मुलगी साताऱ्याला, आईकडे, त्या प्रवासाचीही ओळ शीटमध्ये टाकलीये. आणि काकांना विचारलंय की यंदा पावसाआधी गच्चीचं पाणी बोअरवेलमध्ये सोडायची व्यवस्था करू या का, अर्धा खर्च माझा. ते म्हणाले, "तू तर चाललीस ना?" म्हटलं, अजून ठरलं नाही. प्लंबर रविवारी येतोय.